प्रस्थान ठेवल्यानंतर

वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःहून एकच अर्ज केला होता आणि तो, माझ्या सगळ्या अंदाजांना धुडकावून, मंजूर झाला. मालदीवमधल्या एका लहानशा बेटावरच्या शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता. मुलाखत बेंगळुरातल्याच एका हॉटेलात झाली. समोरचे गृहस्थ जे विचारतील त्याला मी 'येस सर' म्हणत गेलो. एकटे राहता येईल का, येस सर. बोटीचा त्रास होत नाही ना, येस सर. मासे चालतात का, येस सर. मी जन्मापासून शाकाहारी आहे. परंतु नकार देण्यासाठी जो आवाज लागतो तो मला वेळेवर कधीच सापडत नाही. त्या गृहस्थांनी बहुधा यालाच समजूतदारपणा मानले.

तोवर मी राजाजीनगरातल्या एका ट्यूटोरियलमध्ये शिकवत होतो. एम. एस्सी.ला पहिला वर्ग मिळवूनही मी तिथेच का होतो, याचे उत्तर माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकाने दिले असते, जर माझा प्रश्न त्या बाकापर्यंत पोहोचला असता. माझा आवाज तिसऱ्या रांगेपाशी थकत असे. मागची मुले आपसात गणिते सोडवत आणि बऱ्याचदा ती बरोबरही येत.

आमचे घराणे शिवकाळाच्या आगेमागे महाराष्ट्रातून इकडे आले असे सांगतात. एवढा लांबचा प्रवास करून पूर्वज इतके दमले असावेत की त्यानंतर कोणीही फारसे हलले नाही. परदेशी नोकरीला निघालेला मी पहिलाच, त्यामुळे अशा वेळी काय करायचे असते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईला मात्र ठाऊक होते. म्हणजे, ठाऊक नसलेली गोष्ट नियमात बसवण्याची तिची एक पद्धत होती.

नोकरीच्या पत्रापाठोपाठ शाळेचा फॅक्स आला. वर्क परमिटसाठी शाळा तिथल्या सरकारकडे अर्ज करणार होती. मी फक्त कागद पाठवायचे, वैद्यकीय तपासणी करून घ्यायची आणि परमिटचा नंबर कळताच निघायचे. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होत असल्यामुळे तेव्हाच हजर व्हायचे होते. हा फॅक्स मुख्य रस्त्यावरच्या एस.टी.डी. बूथवर आला होता. बूथचा मालक आलेला प्रत्येक फॅक्स ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवणे हा सेवेचाच भाग मानत असे. त्यामुळे माझ्या छातीचा एक्स-रे काढायचा आहे ही बातमी घरी पोहोचण्याआधी इस्त्रीवाल्याकडे पोहोचली होती.

"जानेवारी," आई म्हणाली आणि तिने पंचांग उघडले. "डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास. संक्रांतीपर्यंत घरातून कोणी नव्या कामाला निघायचं नाही."

"मग पोरानं नोकरी सोडायची?" अण्णाने विचारले. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. देवावर त्याचा विश्वास नव्हता, आईवर होता.

"सोडायची कशाला? धनुर्मास लागायच्या आधी प्रस्थान ठेवू."

प्रस्थान ठेवणे ही जुनी सोय आहे. निघण्याचा मुहूर्त एका दिवशी आणि प्रत्यक्ष निघणे दुसऱ्या दिवशी, असे झाले की मुहूर्तावर आपले एखादे सामान प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. ते सामान निघाले म्हणजे माणूस निघाला. पुढे माणूस आपल्या सवडीने जातो आणि वाटेत ते उचलतो. आमच्या घरात याला आणखी एक कलम जोडलेले होते: ठेवलेले सामान पुढे जाऊ शकते, मागे येऊ शकत नाही. ते मागे आले तर माणूस अर्ध्या वाटेवरून परतला असे होते आणि तो मग पुन्हा जात नाही.

अण्णाने शाळेतला जुना अ‍ॅटलास काढला, बेंगळूर आणि मालदीव यांवर पट्टी ठेवली आणि नैऋत्य दिशा जाहीर केली. नैऋत्येला, तीन गल्ल्या सोडून, एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. साऱ्या वस्तीसाठी त्या 'टीचर' होत्या. त्यांचे घर ठरले.

"बॅगेत काय ठेवू?" मी आईला विचारले.

"ज्याच्यावाचून तुला जाताच येणार नाही असं काहीतरी. उगाच जुना टॉवेल कोंबू नकोस. देवाला कळतं."

माझ्या शिक्षणाचा इथे थोडा उल्लेख करणे भाग आहे. ज्याच्यावाचून जाता येणार नाही अशा वस्तूंचा मी पद्धतशीर विचार केला आणि पासपोर्ट, सगळी मूळ प्रमाणपत्रे आणि गुणपत्रिका एका फाइलीत घालून ती फाइल बॅगेत तळाशी ठेवली. वर दोन शर्ट, त्यावर नारळ, सुपारी आणि मूठभर तांदूळ. तर्कदृष्ट्या यात चूक काढणे आजही मला जमत नाही.

मुहूर्तावर मी देवाला, आईला, अण्णाला आणि वैनीला रीतसर नमस्कार केला. आईने हातावर दही घातले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, वैनीच्याही आले. मी उजवा पाय आधी टाकून बाहेर पडलो, तीन गल्ल्या चाललो, टीचरांच्या शिवणयंत्राशेजारी बॅग ठेवली आणि जेवायला घरी परत आलो.

त्या आठवड्यात ट्यूटोरियलनेही मला निरोप दिला. चंदनाचा हार, एक शाल आणि प्राचार्यांचे भाषण. माझ्या जागी आलेल्या तरुण बाईंनी दुसऱ्याच दिवशी पहिला तास घेतला. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी तेव्हा नेमका त्या रस्त्यावरून चाललो होतो, आणि शेवटच्या बाकावरून कोणीतरी उत्तर देत असल्याचे मी त्या इमारतीत पहिल्यांदाच ऐकले. परतीचा तो दरवाजा बंद झाला हे मला तिथेच कळले. आता परमिट आले नाही, तर माझ्याकडे शाल तेवढी उरणार होती.

घरी माझी स्थिती जरा विचित्र झाली. प्रस्थान ठेवलेला माणूस गेलेलाच समजायचा. आई मला रागवेनाशी झाली. वैनी ताटात आग्रहाने वाढू लागली आणि अण्णा माझ्याशी बोलताना 'वेळ असेल तर' असे म्हणू लागला. बाहेर जो भेटेल तो विचारी, "अजून इथंच?" मी दूध आणायला मागच्या गल्लीतून जाऊ लागलो.

अशातच बूथवाल्याने मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. "सर, तुमचा फॅक्स. प्रॉब्लेम आहे."

तो हे कानडीत आणि भरपूर आवाजात म्हणाला. भाजी घेणाऱ्या दोन बायका थांबल्या. त्याने कागद हातभर लांब धरून वाचून दाखवला. तात्पर्य असे की, मी पाठवलेल्या प्रतींवर गॅझेटेड ऑफिसरची सही नाही. अशा प्रतींवर वर्क परमिट मिळणार नाही. योग्य सहीच्या प्रती वर्ष संपण्यापूर्वी पोहोचल्या नाहीत, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

दोष सर्वस्वी माझा होता. प्रतींवर ट्यूटोरियलच्या प्राचार्यांनी सही केली होती. 'आण इकडे, मी करतो' असे ते प्रेमाने म्हणाले आणि 'तुम्ही गॅझेटेड नाही' हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

"त्यात काय," अण्णा संध्याकाळी म्हणाला. "माझा दोस्त गॅझेटेड आहे की. के. आर. पुरमला ऑफिस. उद्या सकाळी स्कूटरवर घेऊन जातो. मूळ कागद कुठायत?"

मी सांगितले.

मग अण्णाने अगदी शांतपणे विचारले, "सगळे?"

"पासपोर्टसुद्धा," मी म्हणालो.

"शिकलेला माणूस," वैनी कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाली.

"के. आर. पुरम पूर्वेला," आई म्हणाली.

"आई, शिक्का मारायला जायचंय. बेटावर नाही."

"पासपोर्ट बरोबर जाणार ना? मग प्रवास तोच करतोय. हा काय, घरातच बसलाय."

मला त्यात वाद घालण्याजोगे काही दिसले नाही. अण्णाने बूथवरून दोस्ताला फोन केला आणि शिक्का घेऊन टीचरांच्या घरी येशील का म्हणून विचारले. सरकारी शिक्का ऑफिसबाहेर नेता येत नाही, असे दोस्ताने सांगितले. शिक्का के. आर. पुरमहून हलत नव्हता, फाइल पूर्वेला जात नव्हती आणि या दोन अचल वस्तूंच्या मधोमध माझे भवितव्य होते. आईला न सांगता फाइल नेण्याची सूचना अण्णाने हळूच केली खरी, पण बॅग ठेवून घ्यायचे कबूल करतानाच टीचरांनी ती मागे जाऊ न देण्याचा शब्द आईला दिला होता, आणि टीचरांना फसवणे आमच्या दोघांच्याही ताकदीबाहेरचे होते. अण्णा त्यांचा विद्यार्थी होता.

दुसऱ्या दिवशी मी टीचरांकडे गेलो. त्या शिवत होत्या. मी सगळे सांगितले.

"काय म्हणालास?" त्यांनी यंत्र थांबवले. "परत सांग. तोंड उघडून."

मी परत सांगितले.

"मागं नेता येत नाही, सरी, मान्य. पुढं नेता येतं ना?"

"हो."

"मग पुढं जा. मागडी रस्त्याच्या पलीकडं गुरांचा सरकारी दवाखाना आहे. तिथला डॉक्टर गॅझेटेड. झेरॉक्सचं दुकान त्याच्या अलीकडं आहे." त्यांनी बॅग उघडून फाइल माझ्या हातात दिली. "नारळ इथंच राहू दे. तो सही मागत नाही."

आयुष्यात कधीही न पाहिलेल्या माणसाकडे ओळखीशिवाय जाऊन त्याच्या वेळेतला काही वेळ मागणे, ही गोष्ट मी तोपर्यंत पूर्णपणे टाळत आलो होतो. वाटेत मी दोनदा परत फिरलो असतो. परंतु हातातली फाइल मागे नेता येत नव्हती. तिला रस्त्यात ठेवून एकट्याने परतणे हा एकच पर्याय होता, आणि त्याचाही मी थोडा विचार केला.

दवाखान्याच्या आवारात मालकासह एक म्हैस, दोन शेळ्या आणि टोपलीत कोंबड्या घेऊन आलेली एक बाई होती. मी झेरॉक्स केलेल्या प्रती आणि फाइल छातीशी धरून भिंतीला टेकलो. माझा नंबर आला की मी मागून आलेल्याला पुढे जाऊ देत होतो. त्यांची कामे खरोखरच जास्त निकडीची वाटत होती. कोंबड्या गेल्या, शेळ्या गेल्या, एक कुत्रा माझ्या डोळ्यांदेखत येऊन, सुई घेऊन, निघून गेला. शेवटी म्हैस आणि मी उरलो.

डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडे पाहिले, माझ्या आजूबाजूला पाहिले आणि विचारले, "प्राणी एल्ली?" म्हणजे, प्राणी कुठे आहे?

"मीच, सर," मी म्हणालो.

म्हशीचा मालक हसू लागला. आपण काय बोललो हे माझ्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टरांनी हात पुसले. "काय होतंय?"

"सही," मी म्हणालो. पुढचे वाक्य म्हशीच्या हंबरण्यात बुडाले. मी ते पुन्हा म्हटले, ते पुन्हा बुडाले.

"जोरात बोला हो. इथं सगळे पेशंट जोरात बोलतात."

तेव्हा मी जोरात बोललो. माझ्या पुस्तकी कानडीत, म्हशीच्या वरच्या पट्टीत, सगळेच सांगून टाकले: मालदीव, शाळा, वर्क परमिट, प्राचार्यांची सही, वर्षअखेर. इतके बोलल्यावर थांबणेही मला जमेना.

"राजाजीनगरहून आलात? तिथं ऑफिसर संपले?"

मग प्रस्थानाचेही सांगावे लागले. नैऋत्य, बॅग, नारळ, के. आर. पुरम. इथे माझे कान तापल्याचे मला स्पष्ट आठवते. डॉक्टर सगळे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा जराही हलत नव्हता.

"बेटावर म्हशी आहेत का?" म्हशीच्या मालकाने मध्येच विचारले.

"नसाव्यात."

"मग दूध?"

"पावडरचं असतं, म्हणे."

"अय्यो पापा," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की नोकरीबद्दल पहिली गंभीर शंका मला तिथे आली.

डॉक्टरांनी आत नेले. प्रत्येक प्रत मूळ कागदाशी ताडून पाहिली. गणितातले गुण पाहून एकदा माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले. मग सही केली आणि पशुसंवर्धन खात्याचा जांभळा शिक्का सगळीकडे उमटवला. माझ्या एम. एस्सी.च्या प्रमाणपत्रावर 'पशुवैद्यकीय अधिकारी' ही अक्षरे फारच ठळक आली. तिथल्या सरकारला हे पाहून माझ्याविषयी काय वाटेल, या विचाराने मी दोन्ही हातांनी प्रती वाळवत उभा राहिलो.

"झालं ना?" डॉक्टरांनी विचारले.

झाले नव्हते. टीचरांचे घर आता मागे होते. मूळ फाइल तिकडेही नेता येत नव्हती. हे माझ्या लक्षात त्याच क्षणी आले आणि त्यापुढची विनंती मी कोणाच्याही मदतीवाचून, म्हैस बाहेर गप्प असताना, ऐकू जाईल अशा आवाजात केली.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "पासपोर्ट माझ्याकडं ठेवणार? मला ओळखता तुम्ही?"

"नाही, सर."

"आणि मी चोर असलो तर?"

"शिक्का आहे ना तुमच्याकडे," मी म्हणालो. यात मला काय म्हणायचे होते ते मला अजून कळलेले नाही. त्यांना मात्र ते पटले असावे. त्यांनी औषधांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि बैलांच्या नाकातल्या दोऱ्या सरकवून फाइलीला जागा केली.

"माझी आई असती तर," ते कपाटाला कुलूप लावत म्हणाले, "मला पण असंच फिरवलं असतं तिनं. जा. प्रती आजच कुरिअर करा."

कुरिअरचे दुकान पुढच्याच चौकात होते. प्रती गेल्या, आणि वर्ष संपले. त्यानंतर काहीच आले नाही. मी रोज बूथसमोरून जायचो आणि बूथवाला लांबूनच मान हलवायचा. शाळा उघडण्याची तारीख आली आणि गेली. आईने धनुर्मासातली पहाटेची पूजा चालू ठेवली होती. तिने मला एकदाही काही विचारले नाही, पण हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य दाखवताना ती देवापुढे जरा जास्त वेळ उभी राहू लागली. अण्णाने जेवताना सहज म्हणून एका कारखान्यातल्या हिशेबनिसाच्या जागेचा विषय काढला. मी 'बघू' म्हणालो आणि त्या रात्री मला पहिल्यांदाच उमगले की मला तिथे जायचेच आहे. इतके दिवस मी सर्वांना केवळ संकोचामुळे हो म्हणत आलो असे मला वाटत होते. या एका ठिकाणी मी ते मनापासून म्हटले होते, आणि ते कोणालाच, मलाही, ऐकू आले नव्हते.

फॅक्स आला तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. बूथवाला कागद घेऊन रस्ता ओलांडून आमच्या गल्लीत आला आणि त्याने परमिटचा नंबर आकडा आकडा करून मोठ्याने वाचला. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईंनी तो पुन्हा म्हणून दाखवला. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना माझे वर्क परमिट तोंडपाठ होते. शाळा माझ्यासाठी थांबली होती. लवकर या, एवढेच खाली लिहिले होते.

"आता धनुर्मास संपला," अण्णा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हते. "कुठल्याही दिवशी निघता येतं. प्रस्थान नसतं ठेवलं तरी चाललं असतं."

"निघालेल्याला पुन्हा कोण निघायला सांगतं?" आई म्हणाली.

दोन दिवसांनी संध्याकाळची गाडी होती. तिरुवनंतपुरमपर्यंत रेल्वे आणि तिथून विमान. अण्णा स्कूटरवर टीचरांकडून बॅग आणि दवाखान्यातून फाइल घेऊन मला स्टेशनवर सोडणार होता. स्टेशन त्या दोन्ही ठिकाणांच्या मागे पडते, हे मी भीतभीत आईच्या कानावर घातले. एकदा वाहनात बसल्यावर दिशा वाहनाची, आपली नाही, असा तिने निर्वाळा दिला. हा नियम महिनाभर आधी कळता तर बरे झाले असते, असे अण्णाचा चेहरा म्हणत होता.

निघताना मी सवयीने आईच्या पायांशी वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"झालाय तो नमस्कार. पुन्हा करायचा नाही."

दहीही नाही, कुंकूही नाही. सगळा निरोप डिसेंबरातच देऊन झाला होता आणि तो दोनदा देण्याची रीत नव्हती. कोणी काय करायचे हे कोणालाच सुचेना. वैनी स्वयंपाकघरात गेली. अण्णाने स्कूटर चालू केली, मग बंद केली. आई सूप घेऊन उंबऱ्याशी बसली आणि तूरडाळ निवडू लागली, जणू मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला चाललो आहे. मीही तसेच वागायचे ठरवले. रिकामे हात हलवत आवार ओलांडले आणि स्कूटरच्या मागे बसायला पाय उचलला.

"गेट उघडं ठेवून चाललास," आई म्हणाली. "गाई शिरतात."

मी उतरलो. आमचे गेट बाहेरून लावायला अवघड होते. कडी आतल्या बाजूला होती, त्यामुळे घराकडे तोंड करून, गजांमधून हात घालून ती सरकवावी लागे. मला ती लागेना. आईने डाळीचे सूप बाजूला ठेवले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी कडी लावत राहिलो.

"लागली का?" बऱ्याच वेळाने तिने विचारले.

"अजून नाही," मी म्हणालो, आणि ते तिला उंबऱ्यापर्यंत ऐकू गेले.